गप्पगुरुजींची पहिली बैठक

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, वर्षानुवर्षं एकच विषय शिकवत आले: गप्प कसं बसावं. त्याचा त्यांना दरमहा पगार मिळतो. आम्हा दोघी बहिणींना कोणी गप्प बसायचे पैसे आगाऊ दिले असते, तर दुसऱ्याच दिवशी ते परत करायची पाळी आमच्यावर आली असती. त्यामुळे भावोजींच्या नोकरीचा मला पहिल्यापासून हेवा वाटतो.

त्यांच्या विभागाचं नाव मात्र भारदस्त आहे, अध्यापक प्रशिक्षण विभाग. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत तळमजल्यावर, सायकल स्टँडला लागून एक लांबुळकी खोली, चाकांच्या खुर्च्या, एक फळा आणि कोपऱ्यात पाण्याचा जग, एवढाच पसारा. ज्या प्राध्यापकाला अभ्यासक्रम प्रमुख नेमायचं, त्याला आधी या खोलीत आणून बसवतात. मी स्वतः संख्याशास्त्राची अभ्यासक्रम प्रमुख आहे, म्हणून हे पद म्हणजे काय प्रकरण असतं ते मला चांगलं माहीत आहे. वेळापत्रक तुम्ही जुळवायचं, परीक्षा तुम्ही पार पाडायची, मुलांच्या तक्रारी तुम्ही ऐकायच्या. पण ज्यांच्याकडून ही कामं करून घ्यायची, त्यातला एकही माणूस तुमच्या हाताखाली नाही. कोणी ऐकलं तर ऐकलं. नाही ऐकलं तर तुमच्याच नावानं शंख.

अशा माणसाला शिकवायचं तरी काय? भावोजी त्याला पाणी प्यायला शिकवतात. शिकायला आलेल्यांपैकीच एकजण रागावलेला विद्यार्थी होतो, एकजण परीक्षा विभाग होतो, एकजण ऐन परीक्षेत रजेवर जाणारा सहकारी होतो, आणि तिघंही नव्या प्रमुखावर तुटून पडतात. प्रमुखानं पाण्याचा ग्लास उचलायचा आणि घोट घोट प्यायचं. ग्लास संपेपर्यंत बोलायचं नाही. "समोरच्याला आधी बोलू द्या," भावोजी मागून हळू आवाजात सांगत असतात. "जो आधी बोलेल तो आधी अडकेल." तोपर्यंत समोरचा ओरडून ओरडून थकतो, मग त्याला स्वतःचीच लाज वाटते, आणि मग तो स्वतःच काहीतरी मार्ग सुचवतो. हे खरंच चालतं. मी हसत हसत शिकायला गेले होते आणि पुढच्याच आठवड्यात परीक्षा विभागावर वापरून आले.

लोक त्यांना गप्पगुरुजी म्हणतात. या विद्येचा उगम मात्र फक्त आम्हा घरच्यांना माहीत आहे. भावोजी मुळात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते, परीक्षानळ्या मोजून द्यायच्या आणि फुटक्या परत घ्यायच्या. एकदा प्रशिक्षण विभागातले गृहस्थ आजारी पडले आणि कोणीतरी जाऊन बसायला हवं म्हणून यांना पाठवलं. समोर पंधरा-वीस संतापलेले प्राध्यापक. भावोजींच्या घशाला अशी कोरड पडली की शब्द फुटेना. ते नुसते पाणी पीत राहिले. प्राध्यापक आधी त्यांच्यावर ओरडले, मग एकमेकांवर ओरडले, मग दमले, आणि शेवटी आपापसात सगळं मिटवून टाळ्या वाजवून निघून गेले. असा प्रशिक्षक आजवर झाला नाही, असं त्यांनी वर कळवलं. परीक्षानळ्या सुटल्या त्या सुटल्याच.

घरी मात्र या विद्येचा काडीचा उपयोग नाही, कारण घरी ताई आहे. ताई सरकारी दवाखान्यात खिडकीवर बसते आणि रुग्णांना नंबर देते. रांगेत घुसणाऱ्या माणसाला ती खिडकीतून असं काही बोलते की तो घरी जाऊन बरा होतो. जे मनात ते ओठात. भावोजींचा सदरा आवडला नाही, सांगितलं. माझं लग्न जमवणाऱ्या बाईंचा सूर आवडला नाही, त्यांच्या तोंडावर सांगितलं. सगळं बोलते, फक्त एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट अशी. ताई शेवटच्या वर्षाला असताना भावोजींना विद्यापीठातली नोकरी लागली आणि दोघं इकडे आली. पदवी राहिली. पुढच्या वर्षी बघू, असं तेव्हा ठरलं. पुढचं वर्ष काही उगवलं नाही. पण मी उत्तरपत्रिका तपासायला घेऊन तिच्याकडे गेले की ती माझी प्रश्नपत्रिका ओढून घेते आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता मनातल्या मनात सोडवते. ओठ हलतात, त्यावरून कळतं. मागे एकदा मी सरळच विचारलं.

"पूर्ण करायचंय ना तुला?"

"करायचंय की. पण त्यांना सांगशील तर याद राख."

"का? त्यांना काय झालं?"

"काही नाही. मी नाही सांगणार, आणि तूही नाही."

तिच्याशी वाद घालायचा म्हणजे त्या खिडकीसमोर उभं राहणं. मी शपथ घेतली. आणि गंमत बघा, त्याच महिन्यात भावोजींनी मला सायकल स्टँडजवळ गाठलं. ज्यांची पदवी मध्येच राहिली त्यांच्यासाठी संध्याकाळचा वर्ग काढायचा, जुने पास झालेले विषय धरायचे आणि उरलेलं पूर्ण करून घ्यायचं, असा अर्ज ते बरीच वर्षं करत होते. अर्ज दरवर्षी परत यायचा. "तुझ्या ताईला कळता कामा नये," ते म्हणाले. "झालं नाही तर उगाच आशा लावल्यासारखं होईल." घ्या. दोघांनी दोन बाजूंनी माझं तोंड शिवलं. माझ्यासारख्या बाईला एक गुपित पचत नाही, इथे एकाच गुपिताची दोन टोकं पोटात. त्या वर्षी माझं वजन वाढलं ते यामुळेच.

अर्ज परत यायचं कारण ठरलेलं होतं. वर्ग पाच विभागांनी मिळून चालवायचा, मग त्याचा अभ्यासक्रम प्रमुख कोण होणार? ज्याला विचारावं तो ग्लास उचलायचा. भावोजींनीच शिकवलेले सगळे. शेवटी यंदा नव्या प्र-कुलगुरू मॅडम आल्या, दुसऱ्या विद्यापीठातून. त्यांनी अर्ज वाचला आणि भावोजींना म्हणाल्या, "इतकी वर्षं प्रमुख घडवताय ना? मग आता तुम्हीच व्हा प्रमुख." पाचही विभागांची एकच बैठक होईल, प्रत्येक विभागानं एकेक शिक्षक संध्याकाळी द्यायला हवा. त्याच बैठकीत ठरलं तर ठीक, नाहीतर वर्गासाठी धरलेल्या रिकाम्या खोल्या संगणक केंद्राला देऊन टाकायच्या आणि विषय कायमचा बंद.

भावोजींनी आयुष्यात एकही बैठक घेतली नव्हती. घरी सुद्धा कधी नाही, तिथे अध्यक्षपद ताईकडे आहे. ते आठवडाभर जेवताना समोरच्या भिंतीकडे बघत होते. "काय झालंय यांना?" ताईनं मला विचारलं. मी पाणी प्यायले.

बैठकीच्या दिवशी मी वरच्या मजल्यावरच्या सभागृहात मुद्दाम लवकर गेले. लांबलचक टेबल, मधोमध तीन जग, प्रत्येकापुढे ग्लास. मॅडम टोकाला बसल्या, त्यांच्या उजव्या हाताला भावोजी, नवा सदरा, कॉलर एका बाजूनं उभी. समोर आम्ही पाच प्रमुख. माझ्या शेजारी इतिहासबाई, चष्म्याआडून कोणाला ताकास तूर लागू न देणाऱ्या. पलीकडे अर्थशास्त्रवाले. हे गृहस्थ एकेकाळी बोलायला लागले की खालच्या मजल्यावरचा वर्ग थांबायचा. भावोजींकडे शिकल्यापासून ते त्यांचे सगळ्यात कट्टर शिष्य झाले. त्यांच्यानंतर भाषेचे आणि जीवशास्त्राचे असे दोघं, तेही त्याच खोलीतून निघालेले.

मॅडमनी विषय थोडक्यात मांडला आणि म्हणाल्या, "बोला."

अर्थशास्त्रवाल्यांनी ग्लास उचलला. इतिहासबाईंनी उचलला. भाषा आणि जीवशास्त्र यांनी एकदमच उचलला. मी भावोजींकडे बघितलं, तर त्यांचा आधीच ओठांना लागलेला. मग मी एकटीनं काय करायचं? मी पण उचलला.

कोणी बोलेना. प्रत्येकाला ठाऊक होतं, जो आधी बोलेल त्याचा शिक्षक आधी जाईल. आणि प्रत्येकाला हेही ठाऊक होतं की बाकीच्यांना ते ठाऊक आहे. भावोजी वाट बघत होते की समोरचे बोलतील, समोरचे वाट बघत होते की भावोजी बोलतील, आणि सहा तोंडं एकाच पद्धतीनं, एकाच गतीनं, मान किंचित तिरकी करून पाणी पीत होती. मान तिरकी करायची सवय भावोजींची आहे, ती सुद्धा सगळ्यांनी उचलली होती हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मला पोटातून हसू फुटत होतं. ते दाबायला मी आणखी पाणी प्यायले.

ग्लास संपले, तसे सगळ्यांनी शांतपणे पुन्हा भरले. जग रिकामे झाले. शिपाई आत आला, त्यानं तिन्ही जग नेले, भरून आणले, आणि जाताना खिडकीबाहेर बघितलं, एवढं ऊन पडलंय का ते बघायला. मॅडम हवालदिल झाल्या होत्या. त्यांनी शिपायाला जवळ बोलावून हळूच विचारलं, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं.

"यांच्यातलं कोणी वारलंय का?"

"नाही मॅडम," शिपाई तितक्याच हळू आवाजात म्हणाला, "सगळ्यांचं ट्रेनिंग झालेलं आहे."

दुसऱ्यांदा भरलेले जग निम्म्यावर आले तेव्हा गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. एवढं पाणी कुठेतरी जायला हवं. अर्थशास्त्रवाल्यांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला. थोड्या वेळानं बदलला. जीवशास्त्राचे खुर्चीच्या अगदी कडेला आले. इतिहासबाईंच्या चेहऱ्यावर रेषा हलली नाही, पण टेबलाखाली त्यांची टाच एकसारखी जमिनीवर आपटत होती. उठून जावं तर विचारावं लागणार, विचारावं तर आधी बोलल्यासारखं होणार. दार समोर होतं आणि कोणाची हिंमत नव्हती. मी मनातल्या मनात ताईची, भावोजींची, विद्यापीठाची आणि ज्यानं पाणी शोधून काढलं त्याची माफी मागितली, कारण मला वाटलं आता जे व्हायचं ते इथेच होणार.

मॅडमनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. पेन बंद केलं. समोरचे कागद सारखे करायला लागल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. कोणालाच काही म्हणायचं नाही असं मी समजते. मग खोल्या..."

माझं हसू जागच्या जागी विरलं. खोल्या गेल्या म्हणजे वर्ग गेला, आणि ताई कपड्यांच्या घड्या घालत ओठ हलवत म्हातारी होणार. मला इतका राग आला, सगळ्यांचा आणि माझाही, की मी तोंड उघडलं. पण तोंडात घोट होता, तो श्वासनलिकेत गेला आणि मला जोराचा ठसका लागला. मी खोकत असतानाच भावोजी उभे राहिले.

"मी बोलतो," ते म्हणाले.

पाचही ग्लास जिथल्या तिथे थांबले. गुरूनं स्वतः नियम मोडला होता.

"मला हा वर्ग माझ्या बायकोसाठी हवा आहे." आवाज घोगरा होता, पण थांबला नाही. "अर्जात मी समाजाचं वगैरे लिहिलंय, ते खरं आहे, पण त्याचा विचार मी नंतर केला. आधी तिचा केला. तिनं शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं, माझ्या नोकरीसाठी. मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी बघू. मग ती कधी बोललीच नाही. मला वाटलं, तिला हवं असेल तर बोलेल, ती काय कोणाला घाबरते? मी वाट बघत बसलो. तुम्हाला शिकवलं ना मी, समोरच्याला आधी बोलू द्या? ते चुकीचं आहे." इथे त्यांच्यातला प्रामाणिक मास्तर जागा झाला. "म्हणजे परीक्षा विभागाशी वागताना बरोबर आहे. घरी चुकीचं आहे. इतकी वर्षं मी घरी नुसता गप्प बसलो आणि त्याला समजूतदारपणा म्हणत राहिलो. आता मला प्रत्येकाकडून एक शिक्षक हवाय. द्याल का?"

मी रडत होते की ठसक्यानं डोळ्यांत पाणी होतं ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

इतिहासबाईंनी चष्मा काढला. "शिक्षक कशाला, मीच येते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी घरी बसून तरी काय करते?" त्यांचं ऐकून भाषेच्यांनी एक नाव दिलं, जीवशास्त्राच्यांनी दिलं, मी माझं स्वतःचं दिलं. अर्थशास्त्रवाल्यांनी तर एकदम दोन दिले आणि "झालं ना? संपलं ना?" म्हणत अर्धे उठले सुद्धा.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. सगळे पुन्हा बसले, फार जपून. "तुमची पत्नी विद्यार्थी असेल, तर तुम्ही प्रमुख कसे राहणार? तिच्या परीक्षा तुमच्या हाताखाली होणार. ते नियमात बसत नाही."

भावोजींचा चेहरा असा उजळला की कॉलरची दुसरी बाजूही उभी राहते की काय असं वाटलं. "मला नकोच आहे," ते म्हणाले.

"मग प्रमुख कोण? प्रमुख नसेल तर आजचं सगळं वाया जाईल."

मी सख्खी बहीण, माझं नाव तिथेच बाद झालं. उरले चौघं. आणि काय सांगू, हात पुन्हा ग्लासांकडे गेले. इतका भला कबुलीजबाब ऐकून, नाव देऊन, डोळे पुसून, हात गेलेच. सवय वाईट असते. पण अर्थशास्त्रवाल्यांनी हातात घेतलेल्या ग्लासातल्या पाण्याकडे बघितलं, पाणी किंचित हललं, आणि ते हलणारं पाणी त्यांच्यानं बघवेना.

"मी होतो प्रमुख," ते त्यांच्या जुन्या आवाजात गरजले. खालचा वर्ग नक्की थांबला असणार. "तीन वर्षं होतो, पाच वर्षं होतो, म्हणाल तितकी वर्षं होतो. पण आता मला जाऊ द्या."

मॅडमनी मान हलवली असेल नसेल, तोवर खोली रिकामी झाली. मी इतिहासबाईंना पळताना पहिल्यांदाच बघितलं. चांगल्या पळतात.

ताईला सांगायला भावोजी मला सोबत घेऊन गेले. वाटेत ते रस्ताभर बोलत होते. एवढा बोलणारा माणूस या माणसाच्या आत राहत होता हे मला माहीत नव्हतं. मला मध्ये एक शब्द घालता येईना, आणि मी घातलाही नाही.

ताई दवाखान्यातून नुकतीच आली होती, हातात भाजीची पिशवी. भावोजींनी चपला सुद्धा काढल्या नाहीत. दारात उभ्या उभ्या सांगितलं. संध्याकाळचा वर्ग मंजूर झालाय, तुझे जुने विषय धरणार आहेत, सहा जण शिकवणार आहेत, त्यात एक तुझी बहीण आहे, आणि हे मी आधीच करायला हवं होतं, तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही, चुकलो.

ताई काही बोलली नाही.

आमची ताई, काही बोलली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, खुर्चीवर बसली आणि पिशवीकडे बघत राहिली. भावोजींना ते सहन होईना. इतक्या लोकांना गप्प बसायला शिकवलेला माणूस, पण समोरून गप्प बसलं की कसं वाटतं हे घरी त्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. ते वेळापत्रक सांगायला लागले. मग खोली कोणत्या मजल्यावर आहे ते सांगितलं. मग जिना कुठून आहे ते.

"नापास झाले तर?" ताई म्हणाली.

तेव्हा मला कळलं की मला शपथ का घातली होती. कोणालाच न घाबरणारी माझी बहीण एवढ्या एकाच गोष्टीला घाबरत होती, आणि नवऱ्यासमोर घाबरायची तिला लाज वाटत होती.

भावोजींनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "तर परत बसायचं. हवं तर मी पण बसतो तुझ्याबरोबर, शेजारच्या बाकावर."

ताईनं मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज थेट खिडकीवरचा होता.

"तुम्ही नको. तुम्ही वर्गात सगळ्यांना गप्प बसवाल. आणि मला शंका विचारायच्या आहेत. खूप साठल्यात."